सूर्यघड्याळ फिरवू नका, शेजारी तक्ता लावा

मॅडम, पुण्यातल्या तुमच्या शाळेचं सूर्यघड्याळ फेब्रुवारीत पाऊण तासाहून जास्त मागे दाखवतंय आणि ते ‘जरा फिरवून घ्या’ असं वरून सांगितलंय, हे वाचून राहवलं नाही. कृपा करून हात लावू देऊ नका.

उत्तर दिशा आणि पुण्याच्या अक्षांशाइतका, साडेअठरा अंशांचा शंकू (सावली पाडणारी तिरकी कड) तुम्ही नीट साधलाच असणार. मग यंत्र बरोबर आहे. आपली घड्याळं ज्यावर लावलेली असतात त्या ८२.५ अंश रेखांशाच्या पुणे पश्चिमेला, त्याचा साडेचौतीस मिनिटांचा उशीर बाराही महिने. वर फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य आणखी चौदा मिनिटं उशिरा येतो, म्हणून खरी मध्यान्ह १२:४९ ला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र तो सोळा मिनिटं आधी येतो, तेव्हा १२:१८ ला. कारण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किमीवर आणि वेगात, जुलैत १५.२१ कोटी किमीवर आणि संथ. त्यात अक्षाचा कल. डिसेंबरअखेर एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत चोवीस तासांवर तीस सेकंद जातात. हे सेकंद साठत जातात. मुलांनी पाहायचं ते हेच तर आहे!

आमच्याकडे तपासणीला आलेल्या कार्यालयाने मनगटी घड्याळ पाहून ‘यंत्र सदोष’ असा शेरा मारला आणि बिल अडवलं. कालसमीकरणाचा, म्हणजे सूर्य घड्याळाच्या किती पुढे-मागे असतो त्याचा, तक्ता दाखवला, तो कोणी उघडूनही पाहिला नाही. शेवटी त्यांच्याच माणसासमोर गवंड्याने तबकडी उखडून, वेळ जुळेपर्यंत फिरवून सिमेंटमध्ये बसवली. नोव्हेंबरात ती अर्ध्या तासाच्या आसपास चुकली. मेमध्ये सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेल्यावर तर तिच्यावरून काहीच धड वाचता येईना, कारण शंकू उत्तरेकडे राहिलाच नव्हता. पुन्हा बसवण्याचा खर्च शाळेच्या माथी. अजून चीड येते.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही, पण माझं मत पक्कं आहे: रेखांशाची दुरुस्तीसुद्धा तबकडीवरच्या तासरेषांत घालू नये. काही जण घालतात, चुकीचं नाही. पण शाळेत सावली बरोबर उत्तरेला असताना बाराच वाजलेले दिसावेत. दुरुस्ती शेजारच्या फरशीवर महिनावार कोरा. १५ एप्रिल आणि १ सप्टेंबरच्या सुमारास फक्त रेखांशाचा फरक उरतो, पडताळणी तेव्हा करा.

गच्चीवर असेल तर मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका, स्लॅबमधल्या सळ्या त्याला भुलवतात. आणि शेरा लेखी आलाच, तर उत्तरासोबत फेब्रुवारी व नोव्हेंबरची वाचनं मुलांच्या वहीतून जोडा, पोच घ्या.