नवजात बाळाच्या आतड्यात रक्तवाहिन्यांची गाठ निघाली, तर पुढे काय विचारावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घणसोलीत राहणाऱ्या तुमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाला जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून लहान आतड्याचा पाच सेंटिमीटरचा तुकडा काढावा लागला, आणि आता आलेल्या बायोप्सीच्या रिपोर्टमधले ‘व्हॅस्क्युलर ट्यूमर’ हे दोन शब्द वाचून घरात कोणाला झोप नाही. हा कॅन्सर आहे का, गरोदरपणातल्या सोनोग्राफीत तो का दिसला नाही आणि पुन्हा होईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी ठाण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे तपासून त्या आजाराला नाव देणे हे माझे रोजचे काम. बाळाची स्लाइड, म्हणजे तुकड्याचा पातळ काप लावलेली काच, मी पाहिलेली नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण त्या दोन शब्दांचा अर्थ आणि डॉक्टरांना पुढे काय विचारायचे, हे सांगू शकते.

आधी कॅन्सरचे. ट्यूमर म्हणजे पेशींची वाजवीपेक्षा जास्त वाढ, साध्या भाषेत गाठ. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. नवजात बाळाच्या आतड्यात सापडणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठी बहुतेक वेळा दूरच्या अवयवांत पसरत नाहीत. तरीही रिपोर्ट फाइलला लावून विसरून जा, असे मी म्हणणार नाही, कारण ‘व्हॅस्क्युलर ट्यूमर’ हे एका आजाराचे नाव नसून एका कुटुंबाचे आडनाव आहे आणि बाळाची पुढची देखरेख त्यातल्या नेमक्या नावावर ठरते.

साधारण दीड ते दोन हजार जन्मांमागे एका बाळाच्या आतड्यात अडथळा सापडतो. त्याची नेहमीची कारणे म्हणजे आतड्याचा एखादा भाग जन्मतः बंद असणे, आतड्याला पीळ पडणे, मोठ्या आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंच्या पेशी नसणे किंवा पहिली काळी शी घट्ट होऊन अडकणे. रक्तवाहिन्यांची गाठ या यादीत अगदी तळाला येते. एक्स-रेमध्ये फुगलेली आतडी दिसतात, गुदमार्गाने औषध सोडून काढलेल्या फोटोत न वापरलेले, बारीक मोठे आतडे दिसते, आणि हे सारे चित्र जन्मतः बंद असलेल्या आतड्यासारखेच असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी या गाठीचे नाव सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि त्यात सर्जनची चूक नसते.

माझ्या टेबलावर असा तुकडा आजवर दोनदाच आला. पहिला अजून डोळ्यांसमोर आहे. फॉर्मेलिनच्या बाटलीत साडेचार सेंटिमीटरचे आतडे. एक टोक अंगठ्याएवढे फुगलेले, दुसरे पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि मधोमध जांभळट रंगाचे टणक कडे. ते उभे कापले, तेव्हा आतली वाट इतकी चिंचोळी निघाली की बारीक सळईसुद्धा अडकत अडकत गेली. गाठ पोकळीत लोंबत नव्हती; ती भिंतीतच, आतल्या अस्तराखालच्या थरात सगळीकडून वेढा घालून बसली होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्यांचे दाट पुंजके स्नायूंच्या तंतूंमध्ये शिरलेले दिसत होते. अशी गाठ वाट आवळते. कधी तिच्यामुळे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. तर कधी गर्भातच त्या भागाचा रक्तपुरवठा बिघडून आतडे तिथे बंद होते.

त्या बाळाच्या हिरव्या उलट्यांवर एका दवाखान्यातून गॅसचे थेंब मिळाले होते, घरी बेंबीभोवती हिंगाचा लेप चालू होता, आणि यात दोन दिवस गेले. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, अगदी कळकळीने: नवजात बाळाची उलटी हिरवी असेल, तर मध्यरात्र असली तरी, लहान मुलांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात त्याच वेळी न्या, कारण आतड्याला पीळ पडला तरी उलटी अशीच हिरवी होते आणि तेव्हा काही तासांत आतडे काळे पडते. तुमच्या बहिणीने हा वेळ दवडला नाही, हे तिला आवर्जून सांगा.

सोनोग्राफीबद्दल तुमच्या मनात जो राग आहे तो समजतो, पण पाचव्या महिन्यातल्या तपासणीत आतड्याचा अडथळा बहुधा दिसतच नाही. आतडे फुगणे किंवा गर्भजल वाढणे ही लक्षणे साधारणपणे शेवटच्या तीन महिन्यांत उमटतात, आणि काही मिलिमीटर जाडीचे कडे तर तेव्हाही नजरेला पडणे कठीण असते.

आता नेमके नाव. पहिला प्रकार शिशुवयातला हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ. तो जन्मावेळी नसतो किंवा नाममात्र असतो, पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढतो आणि मग काही वर्षांत ओसरतो. त्याच्या पेशींवर ‘ग्लट-१’ नावाचे प्रथिन असते. हा शोध २००० साली लागला आणि आमचे काम बरेच सोपे झाले. दुसरा जन्मजात हिमॅन्जिओमा: तो गर्भातच पूर्ण वाढतो आणि त्याची ग्लट-१ चाचणी निगेटिव्ह येते, त्यातला एक उपप्रकार साधारण सहा ते चौदा महिन्यांत आपोआप आटतो. तिसरा कापोसिफॉर्म हिमॅन्जिओएन्डोथेलिओमा. नाव लांबलचक आहे, पण लक्षात ठेवायचे ते हेच. तो दूर पसरत नाही, मात्र आसपासच्या भागात घुसत जातो, आणि गाठीत प्लेटलेट अडकून बाळाच्या रक्तातल्या प्लेटलेट व फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन घसरू शकतात. कासाबाख आणि मेरिट या डॉक्टरांनी १९४० साली असे एक बाळ नोंदवले, म्हणून या अवस्थेला त्यांचे नाव आहे.

उपचारही यावरच ठरतात. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या डॉक्टरांनी लिहिले की हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रानोलोलने हिमॅन्जिओमा आक्रसतो. पण ते औषध शिशुवयातल्या प्रकाराचे आहे, जन्मजात प्रकारावर त्याची मदार ठेवता येत नाही. कापोसिफॉर्म प्रकारात गाठ उरली असेल किंवा प्लेटलेट घसरत असतील, तर सिरोलिमस या औषधाचा विचार होतो. नातेवाइकांनी एकाचे औषध दुसऱ्याच्या बाळासाठी सुचवले, तर ऐकू नका.

म्हणून बाळाच्या सर्जनना तीन गोष्टी विचारा: ग्लट-१ चाचणी झाली का, कापलेल्या दोन्ही कडांवर गाठ आहे की त्या मोकळ्या आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट किती आहेत. त्याचबरोबर बाळाचे अंग उजेडात नीट पाहायला सांगा; कातडीवर पाच किंवा अधिक लाल गाठी असतील, तर यकृताचीही सोनोग्राफी करतात. कडा मोकळ्या असतील आणि दुसरीकडे काही नसेल, तर ती गाठ तिथेच परत येण्याची भीती फारशी राहत नाही. नवजात बाळाचे लहान आतडे साधारण अडीच मीटर असते, त्यामुळे पाच सेंटिमीटर गेल्याने वाढ खुंटत नाही. शी, दूध पचणे आणि वजन यांवर मात्र पहिले वर्ष नियमित लक्ष ठेवावे.

बहिणीला सासरी कोणी ग्रहणाचे, पपईचे किंवा जिना चढण्याचे कारण सांगत असेल, तर त्यात तथ्य नाही. तिच्या हातून काहीही चुकलेले नाही.

रिपोर्टमध्ये नेमका प्रकार लिहिला नसेल, तर दुसरे मत घ्या. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक अर्ज करून मागता येतात, आणि परळच्या टाटा रुग्णालयात ते पाहण्याची सोय आहे. ब्लॉक घेऊन गाडीने निघालात, तर ते डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. मेण मऊ पडले की आतला तुकडा बिघडतो, आणि तो तुकडा पुन्हा मिळणार नाही.