'डी'चा दिवा लुकलुकतोय?

लगेच गिअरबॉक्स उतरवायला होकार देऊ नका. जुन्या होंडा ऑटोमॅटिक गाडीत डॅशबोर्डवरचा 'डी'चा (ड्राइव्ह गिअरचा) दिवा लुकलुकला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने बिघाड नोंदवलाय, एवढंच. स्कॅनरवर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी०७०० हा कोड आला तर तोही नुसती वर्दी देतो. खरा कोड सोबत असतो, तो वाचा: पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरचा (गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा), पी०७२० आउटपुटचा (बाहेर जाणारा वेग मोजणारा). पण सेन्सर गेलाच असं समजू नका, वायर तुटली तरी कोड तोच येतो.

आधी बॅटरी बघा. ती कमजोर असली की भलतेच कोड येतात. मग सेन्सरचा कनेक्टर उघडा. पिना हिरवट पडल्यात? आत ऑइल शिरलंय? पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपून घ्याच.

चुंबकवाला सेन्सर काढलात तर टोक नीट निरखा. करडा, मऊ थर पुसला की भागतं. चमचमणारे धातूचे तुकडे दिसले तर मात्र दुखणं आतलं आहे, नव्या सेन्सरवर पैसे घालू नका. दोन पिनांच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने गार असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळा मोजा. कित्येकदा सेन्सर तापल्यावरच दगा देतो. आणि कोड पुसण्याआधी सगळे वहीत उतरवून ठेवा, मेकॅनिकला तेच लागतात.