पंधरा मिनिटांचं भाषण आणि आठ पानं

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, गावच्या वाचनालयात पंधरा मिनिटं बोलायचंय, आठ पानं लिहून झालीत पण पाठ होत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पाठ होत नाहीत हे बरंच आहे. मी वीसेक वर्षं शाळा, वाचनालयं, गणेश मंडळं अशा ठिकाणी बोलत आलोय आणि पहिली फजिती पाठांतरानेच झाली. एक शब्द निसटला आणि त्याच्यामागोमाग अख्खं पान गेलं. पुढच्या रांगेतली आजी शेजारणीला म्हणाली, "पोरगं इसरलं वाटतं." ते मला स्टेजवर स्पष्ट ऐकू आलं.

आता पंधरा मिनिटांचं बघू. ती तुम्हाला मिळतीलच असं धरू नका. प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मग सरपंचांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांना शाल-श्रीफळ. तुमचं नाव पुकारेपर्यंत शाळेची पोरं चुळबुळायला लागलेली असतात आणि सूत्रसंचालक हळूच सांगतो, "जरा आवरतं घ्या." म्हणून सात मिनिटांत पुरं होईल असं एक भाषण आधी तयार ठेवा. वेळ मिळाला तर त्यातच भर घालता येते. ऐनवेळी आठ पानांतली चार गाळणं मला तरी अजून जमलेलं नाही.

दुसरं असं, की १८४८ची भिडे वाड्यातली शाळा, अंगावर पडलेलं शेण, पिशवीतली दुसरी साडी हे सगळं तुमच्या आधीच होऊन जाणार. नऊवारी नेसलेली एखादी सहावीतली मुलगी "मी सावित्री बोलतेय" करून टाळ्या घेऊन गेलेली असेल. तिच्यानंतर तेच सांगायला उभं राहू नका. सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ची. शेवटचं जुन्नरजवळच्या ओतूरहून लिहिलेलं, दुष्काळातलं. साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या समग्र वाङ्मयात ती सापडतील, तुमच्याच वाचनालयात बघा. त्यातल्या चार ओळी संथ वाचून दाखवा आणि तो दुष्काळ, ते सत्यशोधकांचं काम समजावून सांगा. वेळ उरला तर १८९७च्या प्लेगवर या. त्या साथीत रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. या दोन प्रसंगांत वीस वर्षांचं अंतर आहे, पण बाई तीच दिसते. एवढं ऐकणाऱ्याच्या लक्षात आलं की जन्मगाव नायगाव, जन्मसाल १८३१ वगैरे नाही सांगितलं तरी चालतं. ते प्रास्ताविकात येतंच.

तयारी उभं राहून, मोठ्यानं करा. आठ पानं बाजूला ठेवा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द लिहा: ओतूर, दुष्काळ, यशवंत (सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा), प्लेग असे. अक्षर ठसठशीत काढा, मंडपात उजेड कमी असतो. रोज एकदा त्यावरून बोला. वाक्यं रोज वेगळी येतील, येऊ द्या. पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक. दोन-तीनदा मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज आवडणार नाही, कुणालाच आवडत नाही, पण आपण दर वाक्याला "म्हणजे" म्हणतो हे तिथेच कळतं. मी घरी बायको लसूण सोलत बसली की तिच्यासमोर बोलतो. तिचा हात जिथे थांबतो तो भाग ठेवतो. बाकीचं बरंचसं गाळतो.

व्यासपीठावरच्या पाहुण्यांची नावं आयोजकांकडून त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या, आदल्या दिवशीची यादी बदललेली असते. एक नाव राहिलं तर ते वर्षभर ऐकावं लागतं. (मी एकदा अध्यक्षांचंच विसरलो होतो.) अर्धा तास आधी जा. माईकवर "हॅलो हॅलो" करण्यापेक्षा आपलं पहिलं वाक्य म्हणून बघा आणि कुणालातरी मागच्या खुर्चीवर बसवून ऐकू येतं का विचारा. लाईट गेलीच तर पुढे येऊन बोलायची तयारी ठेवा.

पत्रातल्या चार ओळी निवडल्यात की इथे लिहा. त्या वाचताना कुठे थांबायचं ते बघू.