फुगा केसांवर घासला की भिंतीला का चिकटतो?

घासल्याने वीज 'तयार' होत नाही, फक्त इकडची तिकडे जाते. केसांतले काही इलेक्ट्रॉन, म्हणजे ऋण विद्युतभाराचे अतिसूक्ष्म कण, फुग्यावर जातात. फुगा ऋणभारित, केस धनभारित. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून तर केस ताठ उभे राहतात. खरं तर नुसता स्पर्श करून दूर केलं तरी भार सरकतो, घासल्याने जास्त ठिकाणी स्पर्श होतो इतकंच.

भिंतीवर मुळात भार नसतो. पण फुगा जवळ आला की तिच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन किंचित मागे सरतात, पुढे धन बाजू येते आणि फुगा खेचला जातो.

हा प्रयोग दमट हवेत करून बघू नका, हमखास फसतो: पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरातून भार निघून जातो. कोरड्या हवेत मात्र दाराच्या कडीला हात लावला तरी झटका बसतो. सेंटिमीटरभर हवेतून ठिणगी उडायला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात!