उंचीचे चार सेंटिमीटर आणि नाकारलेलं कॅशलेस

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहते, वय ४६. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही चालू असूनही एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९ च्या खाली येत नाही. वजन ९१ किलो. डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया (स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करणं) सुचवली आहे. आमची दहा लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेली) आरोग्य पॉलिसी पाचव्या वर्षात आहे आणि घेतानाच मधुमेह फॉर्मवर लिहिला होता. तरी कंपनीने कॅशलेस, म्हणजे हॉस्पिटलचं बिल थेट भरणं, नाकारलं. 'बीएमआय ३४.७, लठ्ठपणाचे उपचार वगळलेले' एवढंच कारण दिलं (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा). हॉस्पिटलने साडेचार लाखांचं पॅकेज तोंडी सांगितलंय आणि पन्नास हजार ॲडव्हान्स मागितलाय, जो म्हणे परत मिळणार नाही. एफडी मोडून ऑपरेशन उरकून घेऊ, की आधी कंपनीशी भांडू?

उत्तर : ताई, एफडीला अजून हात लावू नका. तुम्ही पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. तुमची बाजू चांगली आहे, पण सध्या फाइल ती बाजू मांडत नाही.

हॉस्पिटलच्या ओपीडी पेपरवर तुमची उंची १६२ सेंटिमीटर लिहिली आहे. फोनवर विचारलं तेव्हा कळलं, की तिथे कुणी उंची मोजलीच नाही. सिस्टरने विचारलं आणि तुम्ही 'पाच-चार असेल' म्हणालात. तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांच्या जुन्या केसपेपरवर मात्र ती १५८ आहे. १६२ धरली तर बीएमआय ३४.७ येतो, १५८ धरली तर साडेछत्तीसच्या आसपास. तुमचं कॅशलेस या चार सेंटिमीटरांत अडकलंय.

कारण असं. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसीतल्या वगळणुकींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणाचं कलम त्यात सहाव्या क्रमांकाचं, पॉलिसीत ते 'एक्सक्लुजन ०६' म्हणून सापडेल. ते लागू होऊ नये यासाठीच्या अटी त्यातच दिल्या आहेत. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय प्रोटोकॉलला धरून हवी, रुग्ण १८ किंवा जास्त वर्षांचा हवा आणि बीएमआय ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ४० पेक्षा कमी, पण ३५ किंवा जास्त असेल, तर सोबत चारपैकी एक गंभीर आजार हवा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयधमन्यांचा विकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय आहार-व्यायामासारखे साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या, तर हे कलम कंपनीला तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. 'लठ्ठपणा वगळलेला' हे कंपनीचं उत्तर म्हणूनच अर्धवट आहे.

इथे बहुतेकांची गफलत होते. डॉक्टर म्हणाले 'तुम्ही पात्र आहात', म्हणजे विमाही मिळणार, असं आपण धरून चालतो. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष बरेच खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी ते आणखी खालचे आहेत. पॉलिसीचं कलम मात्र ३५ आणि ४० वरच आहे. तुमच्या पत्रात सर्जनने कारणं म्हणून गुडघेदुखी आणि ब्लडप्रेशर लिहिलंय. वैद्यकीयदृष्ट्या ती खरी असतील, पण त्या चार आजारांत दोन्ही नाहीत. तुमचं खरं कारण, मधुमेह, पत्राच्या शेवटच्या ओळीत आलंय आणि 'औषधं घेऊनही आटोक्यात नाही' असं तर कुठेच लिहिलेलं नाही.

तेव्हा सर्जनकडून नवं पत्र घ्या. त्याआधी हॉस्पिटलमध्ये चपला काढून उंची मोजून घ्या, त्याच दिवशी वजन करा आणि तारीख, सही, शिक्का मागा. जुन्या नोंदीत खाडाखोड नको. १६२ हा आकडा न मोजता लिहिला गेला, असं सर्जनने वेगळ्या सहीनिशी लिहून द्यावं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते : कुणी 'थोडं वजन वाढवून या' किंवा 'आकडा ॲडजस्ट करू' म्हणालं, तर ठाम नकार द्या. खोटा आकडा सापडला तर क्लेम जाईलच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. तुम्हाला त्याची गरजच नाही.

शस्त्रक्रियेआधी यकृत आकसावं म्हणून साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. त्यात तुमचं वजन ८७ झालं, तर १५८ उंचीलाही बीएमआय ३५ च्या खाली येतो आणि दाखल होतानाचा तो आकडा पुढे करून कंपनी पुन्हा नाही म्हणू शकते. आहार मात्र टाळू नका, तो तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे. सल्ला दिला त्या तारखेचा बीएमआय आणि 'हा आहार शस्त्रक्रियेच्या तयारीचा भाग आहे' हे वाक्य, दोन्ही पत्रात आधीच असू द्या.

साधे उपाय फसल्याचा पुरावा तुमच्या घरातच असणार. डाएटिशियनची बिलं, जिमच्या पावत्या, जुन्या केसपेपरवरची वजनं, गेल्या काही वर्षांचे एचबीए१सी रिपोर्ट शोधा. हॉस्पिटलकडे नोंदी लेखी मागितल्या, तर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे.

हे सगळं जोडून कॅशलेसचा अर्ज हॉस्पिटलच्या विमा डेस्कमार्फत पुन्हा पाठवा. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने त्यावर तासाभरात निर्णय द्यायचा आहे. पुन्हा नकार आला, तर पॉलिसीचं नेमकं कलम लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. नवी मुंबईसाठी लोकपालांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही, नियमांत वकिलाला जागाही नाही. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मुदत मात्र पाळा : कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्ष. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे मुदत दोन वर्षं. पण तिथे प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल.

दरम्यान डॉक्टर म्हणाले की थांबणं धोक्याचं आहे, तर थांबू नका. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. दाखल होण्याआधी कंपनीला लेखी कळवा, स्वतः पैसे भरा आणि नंतर परतावा मागा. पैसे बँकेमार्फतच द्या. दोन लाख किंवा जास्त रोख घेणं हॉस्पिटललाही कायद्याने वर्ज्य आहे.

पॅकेज लेखी घ्या. त्यात स्टेपलरचा (जठर कापून टाके घालणाऱ्या उपकरणाचा) खर्च धरलाय का, गुंतागुंत होऊन आयसीयू लागलं तर काय, हे विचारा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतली, तर सर्जनच्या फीसह इतर बिलातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. पुढे आयुष्यभर लागणारी व्हिटॅमिन्स आणि तपासण्या घरखर्चात धरा. पॉलिसी डिस्चार्जनंतरचे ठरावीक दिवसच देते. 'ॲडव्हान्स परत नाही' या कागदावर सही करू नका. प्रत्यक्ष झालेल्या तपासण्यांचे पैसे वजा करून बाकी परत, असं लिहून मागा. नाही म्हणाले तर दुसरं हॉस्पिटल बघा.

शेवटचं, तुमच्या पॉलिसीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. हप्ता मुदतीआधीच भरा. ग्रेस पिरियडमध्ये, म्हणजे मुदत उलटल्यावर हप्ता भरायला मिळणाऱ्या जादा दिवसांत, पॉलिसी वाचते, पण तुम्ही वर्षाचा हप्ता एकदम भरता, त्यामुळे त्या मधल्या दिवसांतल्या उपचारांना संरक्षण नसतं. ऑपरेशनची तारीख नूतनीकरणाची पावती हातात आल्यावरच ठरवा.