'मायक्रोसॉफ्ट'वाल्याने बाबांच्या लॅपटॉपचा ताबा घेऊन पैसे उकळले. लॅपटॉप लगेच फॉरमॅट करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याला बाबांच्या लॅपटॉपवर काल संध्याकाळी निळा पडदा आला, भोंगा वाजू लागला, 'कॉम्प्युटर लॉक केला आहे' अशी सूचना आणि खाली फोन नंबर. बाबांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने एनीडेस्क (दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवता येणारं ॲप) टाकायला लावलं, पाऊण तास काहीबाही दाखवलं आणि 'सिक्युरिटी लायसन्स' म्हणून नेट बँकिंगने २४,९९९ रुपये घेतले. ओटीपी बाबांनीच वाचून दाखवला. आता फॉरमॅट करू का, पैसे परत येतील का, आणि खरंच व्हायरस होता का, हे तुम्ही विचारलंय.

फॉरमॅट आत्ता करू नका. आधी बँक, मग १९३० ही सायबर हेल्पलाइन, मग पासवर्ड, लॅपटॉप सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो. लॅपटॉप दुकानात जातो, दुकानदार विंडोज नवीन टाकून देतो, पुरावा पुसला जातो आणि बँकेला कळवायला तिसरा दिवस उजाडतो.

लॅपटॉप बंद असेल तर बंदच राहू द्या. चालू असेल तर वायफाय तोडा, किंवा सरळ राउटरचं बटण बंद करा. बाबांच्या मोबाईलवरही काही टाकायला लावलं होतं का, हे नक्की विचारा. एनीडेस्क, तसंच रस्टडेस्क किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एखादी एपीके (ॲप बसवणारी) फाईल सापडली तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, ते ॲप काढा आणि तोपर्यंत बँकेचं काम दुसऱ्याच फोनवरून करा. 'स्टार २१' ने सुरू होणारा नंबर डायल करायला लावला असेल तर बाबांचे कॉल दुसरीकडे वळवले गेलेत, म्हणजे कॉलवर सांगितले जाणारे ओटीपीही तिकडे जातात. हॅश हॅश ००२ हॅश डायल केलं की सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं.

बँकेचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथेही बनावट 'कस्टमर केअर' नंबर पेरलेले असतात. डेबिट कार्डाच्या मागे छापलेला नंबर घ्या किंवा पासबुक घेऊन शाखेत जा. नेट बँकिंग, कार्ड आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. नवीन बेनिफिशिअरी जोडला गेलाय का, व्यवहाराची मर्यादा वाढवली गेलीय का, मुदत ठेव मोडली गेलीय का, यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावर दरमहा कापला जाणारा मँडेट लागलाय का, हे एकेक करून तपासायला लावा. पाऊण तासात माणूस फक्त २४,९९९ चं काम करून जात नाही, खात्यात आणखी किती आहे तेही पाहून ठेवतो. पैसे पेमेंट गेटवेमार्फत (ऑनलाइन पैसे घेऊन व्यापाऱ्याला पोचवणारी मधली कंपनी) गेले असतील तर बँकेला गेटवेला तातडीने कळवायला सांगा. गेटवे व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे बहुधा एकदोन दिवसांनी जमा करतो, त्यामुळे रक्कम अजून मध्येच अडकलेली असण्याची शक्यता आहे. क्रेडिट कार्ड वापरलं असेल तर डिस्प्यूट फॉर्म (व्यवहाराला हरकत घेणारा अर्ज) भरा. गूगल प्ले किंवा ॲमेझॉनची गिफ्ट कार्डं घ्यायला लावली असतील तर पावती घेऊन त्या कंपनीशी लगेच बोला. कोड एकदा वापरला गेला की ते पैसे सहसा हाती लागत नाहीत.

लगेच १९३० ला फोन. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे आणि तिच्यामागे बँका व पोलीस एकाच यंत्रणेवर जोडलेले आहेत. तुमचे पैसे ज्या खात्यात गेले, आणि तिथून पुढे ज्या खात्यांत गेले, तिथे उरलेली रक्कम होल्डवर टाकता येते. एटीएममधून काढलेले पैसे असे अडवता येत नाहीत, म्हणून तासांना किंमत आहे. बाबांचा खाते क्रमांक, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. यूपीआय आणि आयएमपीएसला तो १२ अंकी असतो. एसएमएसवर पोचपावती क्रमांक येईल, त्यावरून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण भरा. फोन लागत नसेल तर थेट पोर्टलवर भरा, नाहीतर जवळचं कोणतंही पोलीस ठाणं गाठा. गुन्हा आपल्या हद्दीत घडला नाही, या कारणावरून त्यांना तक्रार नाकारता येत नाही. यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड लागतं, कॉम्प्युटरच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँकेची चूक असेल, किंवा तिसऱ्याच कुणाची असून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य भार आहे. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल तर तो निष्काळजीपणा धरतात, आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रारीची वेळ लेखी हवी. तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा. खातं सहकारी बँकेत असेल तरी हेच, त्यांच्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये याच धर्तीचं परिपत्रक निघालं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला फी नाही. होल्डवर पडलेली रक्कम सोडवायला कधीकधी न्यायालयाचा आदेश लागतो. तो अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली होतो, पोलीस ठाण्यातून तपशील मिळतात. आणि ओटीपी दिल्याचं लपवू नका. बँकेच्या नोंदीत ते दिसतंच, आणि जबाब बदलला की बाबांचीच बाजू लंगडी पडते.

बाबांवर रागावू नका, हे मनापासून सांगतोय. त्या पाऊण तासात कुठल्या क्रमाने काय झालं, कुठली साइट उघडली, काय टाइप करायला लावलं, पडदा मध्येच काळा झाला होता का, हे फक्त त्यांनाच आठवणार आहे. धास्तावलेला माणूस निम्मं विसरतो आणि उरलेलं लाजेने सांगत नाही.

आता व्हायरसबद्दल. फोन करण्यापूर्वी लॅपटॉपमध्ये बहुधा काहीच नव्हतं. तो निळा पडदा म्हणजे ब्राउझरमध्ये पूर्ण पडदाभर उघडलेलं एक साधं वेबपान. पत्ता टाइप करताना झालेली चूक, चोरीचे सिनेमे दाखवणाऱ्या साइटवरची जाहिरात, किंवा कधीतरी 'अलाउ' दाबल्यामुळे येणारं नोटिफिकेशन, यांतून ते उघडतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, ही एकच खूण पुरेशी आहे. असं पान आलं तर एस्केप की काही सेकंद दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो आणि टॅब बंद करता येतो. नाही सुटला तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबा. ही बटणं कुठलंही वेबपान अडवू शकत नाही. तिथून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि एंड टास्क. पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोर पेजेस' म्हणू नका, नाहीतर तेच पान परत येतं.

बाबांना जे 'पुरावे' दाखवले ते सगळे विंडोजचेच, फक्त अर्थ खोटा. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी असतात. एखादी सेवा अर्धा सेकंद उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते, नव्याकोऱ्या लॅपटॉपवरही. काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) नेटस्टॅट कमांड दिली की 'फॉरिन ॲड्रेस' असा रकाना येतो. तिथले पत्ते परदेशी हॅकरचे नसून पलीकडच्या सर्व्हरचे असतात, तुमच्या उघड्या ब्राउझरचेसुद्धा. ट्री कमांडने फोल्डरची यादी सरसर धावते, तो 'स्कॅन' नव्हे. शेवटी दिसलेलं 'व्हायरस फाउंड' त्या माणसाने स्वतः टाइप केलेलं असतं. असॉक कमांडच्या शेवटी ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक येतो. 'हा तुमचा लायसन्स नंबर, आमच्याकडेही तोच आहे' असं सांगून विश्वास मिळवतात. तो जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो. 'रिफंड देतो' म्हणून बँकेच्या पानावर वाढलेली शिल्लक दाखवली असेल, तर ब्राउझरमधल्या डेव्हलपर टूल्सने त्या पानावरचा आकडा बदललेला असतो. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा येतो.

त्यामुळे धोका पडद्याचा नाही, जोडणी झाल्यावर त्यांनी काय मागे ठेवलं त्याचा आहे. राउटर बंद ठेवून लॅपटॉप सुरू करा आणि काहीही काढण्याआधी पुरावा घ्या. ब्राउझरच्या हिस्ट्रीचे फोटो मोबाईलने काढा, बाबांच्या फोनमधल्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या. सी ड्राइव्हमधल्या प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये एनीडेस्कचा फोल्डर असतो (तो दिसायला फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करावे लागतात). त्यातली 'कनेक्शन ट्रेस' नावाची टेक्स्ट फाईल पेनड्राइव्हवर घ्या, तिच्यात समोरच्याचा एनीडेस्क क्रमांक आणि वेळ असते. एनीडेस्क इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर ती फाईल युजरच्या ॲपडेटा रोमिंगमध्ये सापडेल. पोलिसांना ही फाईल द्या.

मग सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावा. कालच्या तारखेचं जे काही असेल ते संशयित. एनीडेस्क दिसेलच, पण दुरून ताबा घेणारी तशीच दुसरी ॲप्स, म्हणजे टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, सुप्रीमो आणि विशेषतः 'स्क्रीनकनेक्ट क्लायंट' शोधा. हे शेवटचं सर्व्हिस म्हणून बसतं, लॅपटॉप सुरू झाला की आपोआप जोडलं जातं आणि बाबांच्या परवानगीची वाट पाहत नाही. एनीडेस्क काढल्यावर बरेच जण निर्धास्त होतात आणि हे आत राहून जातं. अकाउंट्समध्ये अनोळखी युजर आहे का पाहा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'एक्सक्लूजन्स' उघडा. तिथे एखादा फोल्डर घातलेला असेल तर डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) त्याच्याकडे पाहतच नाही. यानंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन, १५ मिनिटांच्या आसपास लागतो.

माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत शेवटी विंडोज नवीनच टाका. परका माणूस पाऊण तास आत होता आणि याच लॅपटॉपवर बँकेची कामं होतात, त्यामुळे नुसत्या स्कॅनवर मी भरवसा ठेवणार नाही. दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून इन्स्टॉलर बनवा. बॅकअप फक्त फोटो आणि कागदपत्रांचा, इन्स्टॉलर किंवा एक्झी फाईल एकही नको. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की बाबांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधी बघून कागदावर उतरवून ठेवा.

पासवर्ड मात्र इतके दिवस थांबवायचे नाहीत, ते आजच, तुमच्या फोनवरून. सर्वांत आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथून बदलता येतात. जीमेलमध्ये सर्व उपकरणांवरून साइन आउट करा, रिकव्हरीचा नंबर तपासा, फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. बँकेचे मेल गुपचूप कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावून जातात. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले असं धरूनच चाला. आधार-पॅनच्या स्कॅन प्रती लॅपटॉपमध्ये असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि दोनतीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बाबांच्या नावावर अनोळखी कर्ज नाही ना, ते बघा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

काही आठवड्यांनी पुन्हा फोन येईल, याची बाबांना आत्ताच कल्पना द्या. 'आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत' किंवा 'सायबर सेलमधून बोलतोय, रक्कम सोडवायला प्रोसेसिंग फी भरा'. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, म्हणून समोरच्याला नाव, रक्कम, तारीख सगळं बरोबर माहीत असतं. पोलीस किंवा १९३० पैसे सोडवायला फी घेत नाहीत.

पैसे नेमके कसे गेले, गेटवेने की थेट कुणाच्या खात्यात, आणि बाबांच्या मोबाईलवर काही टाकलं होतं का, एवढं प्रश्नाखाली लिहा. त्यावरून बँकेच्या अर्जात काय मागायचं ते नेमकं सांगता येईल.