बाबांचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस माळ्यावर सापडला, चालू करून अपग्रेड करता येईल का?

करता येईल, आणि सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा ऐंशीच्या दशकातला हा घरगुती कॉम्प्युटर अपग्रेड करावाच असं मी म्हणेन. पण तुम्ही खाली लिहिलंय की मूळ अडॅप्टर सापडत नाहीये, घरात राउटरचा नऊ व्होल्टचा पडलाय तो लावून बघू का, तर प्लीज तेवढं करू नका. आधी तेच सांगतो, अपग्रेडचं मग.

स्पेक्ट्रमची पिन उलटी असते. राउटर, सेट टॉप बॉक्स, जवळपास सगळ्या अडॅप्टरना आतली पिन प्लस आणि बाहेरची रिंग मायनस असते, सिंक्लेअरने नेमकं उलटं ठेवलं, आत मायनस बाहेर प्लस. पिन फिट बसते, व्होल्टेजही नऊच, त्यामुळे वाटतं सगळं बरोबर आहे आणि मशीन तिथेच मरतं. तुम्हाला पाहिजे नऊ व्होल्ट डीसी, निदान १.४ अँपिअर, २.१ मिलिमीटरची पिन, सेंटर निगेटिव्ह. गिटारच्या इफेक्ट पेडलचे अडॅप्टर बहुतेक असेच असतात म्हणून म्युझिकच्या दुकानात विचारा, फक्त अँपिअर बघून घ्या कारण त्यातले बरेच अर्ध्या अँपिअरचेच असतात. नाहीतर साधा दोन अँपिअरचा घ्या आणि ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून पिन उलटी करून घ्या, मल्टिमीटरने तपासल्याशिवाय लावायचा नाही. मूळ अडॅप्टर नंतर सापडला आणि त्यावर मीटरने बारा-तेरा व्होल्ट दिसले तर घाबरू नका, तो रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) नसतो, लोड नसताना जास्तच दाखवतो.

आता माझी पार्श्वभूमी, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मग सगळं आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलं, सोल्डरिंग आयर्न हातातून सुटला तो सुटलाच. कॉलेजात असताना एका मित्राकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस होता, डेसिबेल्स कंपनीने १९८६ पासून सिंक्लेअरचा परवाना घेऊन भारतात विकला तो. (तुमच्या बाबांचाही तोच असू शकतो, लेबल बघा.) शाळांमधून तेव्हा सरकारच्या क्लास प्रकल्पातून बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले होते, ते मशीन जास्त दणकट, पण घरी कुणाकडे असला तर स्पेक्ट्रमच. बऱ्याच वर्षांनी मी एक बंद पडलेला विकत घेतला आणि पुन्हा शिकायला बसलो, आणि खरं सांगतो, डिप्लोमाला जे पाठ करून पास झालो होतो ते या बोर्डावर पहिल्यांदा कळलं.

कारण यात लपवलेलं काही नाहीच. १९८२ चं डिझाइन, हार्डवेअर रिचर्ड ऑल्टवॉसरचं, बेसिक, म्हणजे त्यातली प्रोग्रॅमिंगची भाषा, लिहिली स्टीव्ह व्हिकर्सने, आणि रिक डिकिन्सनने केस. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ केबी रॉम, ४८ केबी रॅम, आणि फेरांटीने बनवलेली यूएलए नावाची एक खास चिप जी चित्र, कीबोर्ड, टेप, स्पीकरची कटकट सगळं सांभाळते. बाकी जे आहे ते तेव्हा बाजारात मिळणारंच. सर्किट डायग्राम एका कागदावर मावतो, आणि माझ्या मते अपग्रेडच्या आधी करायची एकच गोष्ट म्हणजे तो कागद प्रिंट काढून समोर ठेवणं. पार्ट मागवणारे खूप आहेत, कुठला पार्ट का बदलतोय हे माहीत असणारे कमी.

उघडताना खालचे स्क्रू काढा आणि वरचा भाग जपून, हळू उचला, कीबोर्डच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात आणि इतक्या वर्षांनी त्या कडक होऊन तुटतात. तुमच्याही तुटतील, मी आत्ताच सांगून ठेवतो, विशेषतः प्लस मॉडेलचा मेंब्रेन (कीच्या खालचा प्लास्टिकचा थर, या पट्ट्या त्याच्याच) नाजूकच असतो. हरकत नाही, नवीन मेंब्रेन आजही बनतात, परदेशातून मागवावे लागतात एवढंच, मागवताना 'प्लस'चा असं नक्की लिहा, रबरी कीच्या जुन्या मॉडेलचा यात बसत नाही. माळ्यावर पावसाळे काढलेत म्हणजे मागचा एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या, जिथे बाहेरचे इंटरफेस लागतात) काळा पडलेला असणार, तो पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा आणि मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, मोबाइल रिपेअरवाले वापरतात तेच.

मग पॉवर. इथे थोडा वेळ थांबा कारण स्पेक्ट्रमचं बहुतेक दुखणं इथलंच आहे. बोर्डावरच्या १६ केबीच्या खालच्या रॅमला, म्हणजे आयसी ६ ते १३ अशा आठ ४११६ चिपना, तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात, प्लस ५, प्लस १२ आणि मायनस ५. अडॅप्टरमधून येतं नऊच, त्यामुळे ७८०५ रेग्युलेटर त्याचे पाच करतो आणि एका छोट्या कॉइलच्या आणि दोन ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून बारा आणि मायनस पाच तयार होतात. त्यातला टीआर ४ नावाचा ट्रान्झिस्टर गेला की मायनस पाच गायब होतं, आणि मायनस पाच नसताना बारा मिळत राहिले तर ४११६ चिप आतून जळतात. टीआर ४ जातो कशाने तर पॉवर चालू असताना मागे जॉयस्टिकचा इंटरफेस काढला-घातला, कनेक्टर जरा तिरका झाला, शॉर्ट झालं, संपलं. त्या काळातल्या पोरांनी किती मशीन अशी मारली असतील देव जाणे. नियम एकच, मागे काहीही लावायचं-काढायचं तर आधी पॉवरची पिन काढा.

तपासायचं कसं, तर कुठल्याही ४११६ च्या पिन १ वर मायनस ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि ग्राउंड पिन १६. मीटरच्या टोकाने शेजारच्या दोन पिना जोडल्या जाणार नाहीत एवढं बघा. हे तीन आकडे बरोबर आले तर तुमचं निम्मं काम झालं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तसेही सगळे बदलून टाका, आडवे ॲक्सियल मिळाले नाहीत तर उभ्यांचे पाय वाकवून लावले तरी चालतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं, ७४ सीरिजच्या लॉजिक चिपही मिळतात, फक्त ४११६ मागितली की दुकानदार तोंडाकडे बघतो.

चालू केल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होऊन पांढरी झाली आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ आली तर अभिनंदन. रंगीत पट्टे किंवा ठोकळे येऊन तिथेच अडकलं तर बहुतेक वेळा खालची रॅम, कारण स्क्रीनचं चित्र त्याच रॅममध्ये असतं, १६३८४ या पत्त्यापासून ६९१२ बाइट, म्हणजे खराब चिप अक्षरशः डोळ्यांना दिसते. ओळ आली तरी वरची ३२ केबी ठीक आहे का हे कळत नाही, त्यासाठी हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ अधिक २५६ गुणिले पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ केबी सापडली, ३२७६७ आलं तर मशीन स्वतःला १६ केबीचं समजतंय, वरची रॅम किंवा तिच्या लॉजिक चिप बघा. (पीक, म्हणजे PEEK, ही मेमरीतला आकडा वाचायची आज्ञा, ती अक्षरं टाइप करून येत नाही हं, कॅप्स शिफ्ट आणि सिंबल शिफ्ट एकत्र, मग ओ. बाबांना विचारा, त्यांच्या बोटांना आठवत असेल.)

या वरच्या रॅमची गंमत म्हणजे तिथे सिंक्लेअरने खराब चिप लावल्या होत्या. ६४ किलोबिटच्या ज्या चिपचा अर्धा भाग फॅक्टरीत नापास झाला त्या स्वस्तात उचलायच्या, चांगला अर्धा वापरायचा, आणि कुठला अर्धा चांगला ते बोर्डावरच्या एका लिंकने, म्हणजे वायरच्या तुकड्याने, ठरवायचं. आपल्याला फायदा असा की त्या जागी पूर्ण चांगली ४१६४ सरळ बसते. जुन्या १६ केबीवाल्या मशीनला ४८ केबी करायचं अपग्रेडही हेच होतं, आठ रॅम चिप, चार लॉजिक चिप आणि ती लिंक. तुमचा प्लस आधीच ४८ चा आहे, त्यामुळे ते तुम्हाला करायचं नाही, पण समजून घ्या, मेमरी मॅपिंग म्हणजे काय, कुठली चिप कुठल्या पत्त्यांवर दिसते, ते याच्याइतकं सोपं कुठे दिसत नाही.

चिप काढायची वेळ आली तर आख्खी ओढून काढू नका. मेलेली चिप आहे, तिचे पाय कटरने कापा, एकेक पाय सोल्डर गरम करून उपटा, मग तिथे सॉकेट लावा. चिप वाचवायच्या नादात बोर्डाचे ट्रॅक उचकटले तर ती दुरुस्ती दहापट किचकट.

आता अपग्रेड, माझ्या आवडीच्या क्रमाने. पहिलं कॉम्पोझिट व्हिडिओ, यात दुमत नसावं. मूळ आउटपुट आरएफ आहे, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या पिनला जातं, यूएचएफ चॅनल ३६ वर ट्यून करावं लागतं आणि चित्र मुंग्या मुंग्या येतं. मॉड्युलेटरच्या (व्हिडिओचा आरएफ करणाऱ्या) डब्यात जाणारी पाच व्होल्टची आणि व्हिडिओची वायर सोडवायची, आतला रेझिस्टर सॉकेटपासून सुटा करायचा आणि व्हिडिओ सरळ सॉकेटच्या मधल्या पिनला द्यायचा, झालं, टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पिनमध्ये स्वच्छ चित्र. परत मूळ करायचं तर पाच मिनिटांत होतं, म्हणून मला हे आवडतं. एचडीएमआयसाठी केसला भोक पाडणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण तुम्ही बाबांच्या मशीनला भोक पाडू नका.

दुसरं, ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर. जुना नवाचे पाच करताना उरलेली सगळी वीज उष्णता म्हणून टाकतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात कीबोर्डखाली तवा कशाला तापवायचा. यूएलएवरही एक छोटा हीट सिंक चिकटवा, ती चिप दुर्मिळ आहे, तिच्या जागी बसणाऱ्या नव्या बनावटीच्या मिळतात पण स्वस्त नाहीत.

तिसरं म्हणजे डिव्हएमएमसी, एसडी कार्डवरून प्रोग्रॅम आणणारा इंटरफेस, आणि हे लावलं की मशीन रोज वापरावंसं वाटतं. मागच्या एज कनेक्टरला लागतो, त्यात एसडी कार्ड. टेपवरून ४८ केबीचा गेम यायला पाच-एक मिनिटं लागायची, हा डोळ्याची पापणी लवायच्या आत आणतो. कसं करतो ते शिकण्यासारखं आहे: प्रोसेसर रॉममधल्या ठराविक पत्त्यांवर, उदाहरणार्थ टेप वाचायच्या रुटीनवर, आला की हा इंटरफेस मूळ रॉम गुपचूप बाजूला सारून स्वतःची मेमरी पुढे करतो, त्यामुळे बेसिकला वाटतं टेपच वाचतोय. सोबत ईएसएक्सडॉस नावाची छोटी सिस्टिम कार्डवर टाकावी लागते.

तोपर्यंत पैसे घालवायचे नसतील तर मोबाइलवरून लोड करा. टेपच्या फाइल ऑडिओमध्ये बदलता येतात, हेडफोनच्या जॅकमधून इअर सॉकेटला वायर, आवाज जवळजवळ फुल, इक्वलायझर बंद. बॉर्डरवर लाल-निळसर जाड पट्टे आणि मग निळे-पिवळे बारीक पट्टे दिसले की समजा पकडतोय. बाबांच्या खऱ्या कॅसेट असतील तर त्या एकदा तरी लावाच, आणि वाचत नसतील तर टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत आवाज कर्कश होईपर्यंत आणा. बाबांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असेल त्यावर, तो आधी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवा, गेम कुठेही मिळतात, हा नाही मिळणार.

खालच्या रॅमच्या जागी पाचच व्होल्टवर चालणारे नवे मॉड्यूल मिळतात, त्याने मायनस पाचची कटकटच जाते. चिप मेल्या असतील तरच घ्या. चांगल्या असताना नुसतं 'सेफ'साठी बदलायची घाई मला पटत नाही.

आणि हार्डवेअर झालं की एक काम करून बघा. बेसिकमध्ये २१ अक्षरं आपल्याला हवी तशी काढता येतात, आठ बाय आठ ठिपक्यांची, पोक यूएसआर (मेमरीत थेट आकडे लिहायची आज्ञा) करून. त्यात देवनागरी काढायचा प्रयत्न करा. शिरोरेषा आठही ठिपके भरून काढली की शेजारच्या अक्षराला आपोआप जुळते, 'म' आणि 'ग' सुंदर येतात, वेलांटीला मात्र वरची ओळ उधार घ्यावी लागते आणि 'क्ष' ने मला रडवलंय. एकवीस पुरत नाहीत हे लगेच लक्षात येईल, मग २३६०६ वरचा अक्षरांचा पॉइंटर हलवून ७६८ बाइटचा अख्खा फॉन्टच बदलता येतो.

तुम्ही आत्ता उघडून बोर्डावर इश्यू नंबर (बोर्डाची आवृत्ती) काय छापलाय तो कमेंटमध्ये लिहा, फोटो टाकलात तर उत्तम. अडॅप्टर बरोबर असल्याची खात्री झाली की त्या तीन पिनांचे व्होल्टेजही कळवा, मायनस पाच नसेल तर लगेच बंद करा आणि मला विचारल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.